पाय दाबतानाचा फोटो

नवरोबाच्या ऑफिसातल्या एकाने गरोदर बायकोचे घरच्या घरी काढलेले फोटो सगळ्यांना दाखवले आणि नवरोबाच्या पोटात दुखायला लागलं. कॅमेऱ्याकडे कोणी बघत नाही, बायको खिडकीशी उभी, नवरा भाजी चिरतोय, दोघं आपल्याच नादात हसतायत. संध्याकाळी बूट काढायच्या आधी त्याने जाहीर केलं, "आपणही काढायचे. एकदम नॅचरल. रोज जसं राहतो तसं."

रोज जसं राहतो तसं काढायचं तर एकटा सोफा पुरला असता, हे बायकोच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं. आठवा महिना सरत आला होता, घोटे सुजून कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात ते कळेनासं झालं होतं, आणि भांडायला लागणारा दम ती जिना चढण्यासाठी राखून ठेवत होती.

शिवाय तिच्या जिवाला वेगळाच घोर लागला होता. शहराचं पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत ती अकरा वर्षं नोकरी करत होती. आता विभागप्रमुखाची जागा रिकामी होणार होती आणि साहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं: बाळंतपणानंतर तीन महिन्यांनी येणार असाल तर जागा तुमची, वर्षाने येणार असाल तर दुसऱ्याची. रजेचा फॉर्म फ्रीजवर चुंबकाखाली लटकत होता. सगळं भरलं होतं, फक्त "किती महिने" याच्यापुढची चौकट कोरी होती.

नवरोबा म्हणायचा, "तीनच घे की. मी आहे ना, निम्मं निम्मं करू." सासूबाई म्हणायच्या, "वर्ष घे गं बाई. त्याला यातलं काही येत नाही. पहिल्यापासून सवयच नाही त्याला." आणि बायकोचा विश्वास सासूबाईंवर होता. ज्या माणसाने सहा वर्षांत इकडची काडी तिकडे केली नव्हती, त्याच्या हाती तीन महिन्यांचं लेकरू कसं सोपवायचं? येत नसलेल्याला बोल तरी काय लावणार? तिने मनातल्या मनात वर्ष लिहून टाकलं होतं.

रविवारी फोटोवाली आली. पन्नाशीची, आखूड केसांची बाई; गळ्यात एक कॅमेरा, बाकी लवाजमा काही नाही. "मी नाहीच असं समजा," ती म्हणाली. "एरवी सुट्टीच्या दिवशी सकाळी जे करता ते करा."

नवरोबाने बायकोकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. रोज तो आडवा पडून फोन बघायचा. "मी चहा करतो," तो म्हणाला. सासूबाईंना ठसका लागला.

नवा एप्रन आला होता, त्याच्या मानेवर किमतीची चिठ्ठी तशीच लोंबत होती. ती बायकोने कात्रीने कापली. चहापत्तीसाठी नवरोबाने पाच डबे उघडले. सासूबाई दाराआडून खुणा करत होत्या, वर, डावीकडे, अरे त्याच्यामागे. स्वतःच्या घरात माणूस पाहुण्यासारखा वावरत होता आणि फोटोत मात्र घरधनी दिसत होता. देखल्या देवा दंडवत म्हणतात ते हेच, फक्त इथे देव गळ्यात कॅमेरा अडकवून आला होता.

मग त्याने कांदा घेतला आणि बायको बघतच राहिली. काय तो कांदा चिरला! बारीक, एकसारखा, बोटं आत दुमडून, सुरी खटखट चाललेली. असा कांदा तिलाही चिरता येत नव्हता.

"हॉस्टेलवर चार वर्षं सगळ्या खोलीचं मीच करायचो," तो फोटोवालीला ऐटीत म्हणाला. "पोरं माझ्या हातचं मागून खायची."

सासूबाई दारातून बाहेर आल्या. "हे मला नव्हतं माहीत," त्या हळूच म्हणाल्या. बायकोलाही माहीत नव्हतं. सहा वर्षं ती ज्याला अडाणी समजून सांभाळून घेत होती, तो चांगला तयारीचा गडी निघाला होता.

तेवढ्यात फोटोवाली कॅमेरा पुसायला खिडकीकडे वळली आणि नवरोबाने सुरी खाली ठेवली. कांदा अर्धा होता. तिने कॅमेरा डोळ्याला लावला, सुरी पुन्हा चालू. बाई थांबली की हा थांबला. नळासारखा, सोडला की धार, फिरवला की बंद. बायकोचं आयुष्य नळांचं पाणी तपासण्यात गेलं होतं, तिला एवढं पुरे होतं. एखाद्या नळाचा संशय आला की तो पुन्हा सोडून बघायचा, हा तिच्या कामाचा पहिला नियम.

"ताई," ती लोण्यासारख्या आवाजात म्हणाली, "पाळणा जोडतानाचे फोटो छान येतील, नाही?"

पाळणा दोन महिने खोक्यात, सोफ्याच्या मागे पडून होता. "रविवारी बघतो" म्हणता म्हणता आठ रविवार गेले होते. फोटोवालीने एकदा खोक्याकडे पाहिलं, एकदा बायकोच्या पायांकडे. "उजेड चांगला आहे," ती म्हणाली. "जोडा."

नवरोबा कामाला लागला. कॅमेरा खट् करायचा, हा स्क्रू पिळायचा. चोवीसच्या चोवीस स्क्रू बसले, कागद न बघता. पाळणा हलवून बघितला तर हूं की चूं नाही, इतका घट्ट. मग कपाटावरची दवाखान्याची बॅग खाली आली. वाळत घालायचे कपडे दोरीवर गेले, तेही झटकून. सासूबाई खुर्चीत बसून सगळं बघत होत्या. "त्याला येत नाही" हे त्या तासाभरात एकदाही म्हणाल्या नव्हत्या.

कपडे संपले तेव्हा फोटोवालीने कॅमेऱ्यातून कार्ड काढून खिशात टाकलं. "भरलं," ती बायकोला हळू आवाजात म्हणाली. "आता फोटो निघणार नाही."

"नुसता आवाज येतो का त्याचा?" बायकोने तितक्याच हळू विचारलं.

फोटोवालीने क्षणभर विचार केला. "येतो की."

"मग पाय दाबतानाचे घेऊ या."

नवरोबा जमिनीवर बसला, तिचा पाय मांडीवर घेतला आणि अंगठ्याने टाचेपासून वर दाबायला लागला. कॅमेरा खटखटत होता. आठ महिन्यांत त्या पायांना दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. तिच्या पोटरीतली गाठ सैल झाली, खांदे खाली आले, डोळे आपोआप मिटले. फार बरं वाटलं तिला, आणि बरं वाटतंय याची चीड आली. इतकं सोपं होतं हे? थांबू नका, ती मनात म्हणत होती, अजून थोडं, थांबू नका. हे ती नवऱ्याला म्हणत नव्हती. फोटोवालीला म्हणत होती.

त्या बाईने रिकामा कॅमेरा चांगली पंधरा मिनिटं चालवला. मग दुसऱ्या घरी जायची वेळ झाली म्हणून तिने तो गळ्यात सोडला. नवरोबाने पाय मांडीवरून खाली ठेवला आणि एप्रनची गाठ सोडली. डावा पाय राहिलाच होता.

पुढच्या रविवारी फोटो आले. फॉर्म दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. नवरोबा सोफ्यावर आडवा होऊन फोनवर बोट फिरवत होता. "कांद्याचे तर झकास आलेत. पाळणा पण मस्त. आई, हे बघ, कपडे." मग बोट उलट फिरलं, पुन्हा सुलट फिरलं. "पाय दाबतानाचे कुठायत? तेच तर ऑफिसात सगळ्यांत आधी दाखवायचे होते मला."

त्याने तिथल्या तिथे फोटोवालीला फोन लावला. ती शांतपणे म्हणाली, "कार्ड भरलं होतं. तेवढे निघाले नाहीत."

"एकही नाही?" तो उठून बसला. "मग मी पंधरा मिनिटं दाबले कशाला?"

बायकोने सासूबाईंकडे पाहिलं. नेहमीचं वाक्य आता येईल म्हणून ती थांबली, पण सासूबाईंनी मान खाली घातली आणि चष्मा पदराने पुसत राहिल्या. नवरोबा अजून फोन कानाला लावून बसला होता, आपण काय बोललो याचा त्याला पत्ताही नव्हता.

बायको खुर्चीचा आधार घेऊन उठली. येत नसलेल्यासाठी तिने वर्ष सोडलं असतं, रडत का होईना सोडलं असतं. येत असून न करणाऱ्यासाठी ती एक दिवस सोडणार नव्हती. तिने फ्रीजवरचा फॉर्म काढला, ओट्यावर ठेवला आणि कोऱ्या चौकटीत तीन लिहिलं. खाली सही केली.

"अगं, पण तीन महिन्यांनी बाळाचं कोण बघणार?" नवरोबाने विचारलं.

"तू."

"मला कुठे येतं त्यातलं काही?"

"येतं," ती म्हणाली. "फोटो आहेत."