तुळसाबाईंच्या मोगऱ्याजवळचा दिवा

मी एक सौरदिवा बोलतोय. रस्त्यावरच्या खांबावरचा मोठा नव्हे हं! आसेगावात जानरावांच्या घरामागच्या बागेत, मोगऱ्याशेजारी मातीत पाय रोवून उभा असलेला, हातभर उंचीचा. दिवसभर ऊन पितो आणि तिन्हीसांजेला आपोआप पेटतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. कुठल्या गावी, ते ठाऊक नाही. जाग आली तेव्हा मी खोक्यात होतो आणि सोबत पाच भावंडं. वाशिमच्या दुकानातून जानरावांनी आम्हाला मोटारसायकलवर, पोटाशी धरून आणलं.

आणलं ते त्यांच्या बायकोसाठी, तुळसाबाईंसाठी. दिवसभर शेतात राबणाऱ्या तुळसाबाईंना बागेसाठी वेळ मिळायचा तो फक्त संध्याकाळी. जानराव त्या फुलझाडांना हसायचे. "हे काय खायच्या कामी येते?" म्हणायचे. पण एके दिवशी अंधारताना पाण्याच्या नळीत पाय अडकून तुळसाबाई पडल्या. मनगट मोडलं. पुढं प्लास्टर निघालं, हाड जुळलं, भीती मात्र गेली नाही. दिवस मावळला की त्या मागच्या ओट्यावर बसून राहायच्या, बागेकडं पाठ करून. जानरावांचं हसणं तेव्हाच थांबलं.

"आता पाह्य, तुह्या बागेत कशी दिवाळी करतो!" म्हणत त्यांनी आम्हा सहाही जणांना एका रांगेत ठोकलं. कुठं? कडुनिंबाच्या दाट सावलीत!

संध्याकाळी आम्ही कसेबसे मिणमिणलो आणि भाकरी व्हायच्या आत विझलो. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या संध्याकाळी तर पेटलोच नाही. जानराव माझ्या डोक्यावर टपल्या मारत म्हणाले, "दुकानदारानं फसोलं मले!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण उपाशीपोटी उजेड कुठून आणू?

पाठमोऱ्या बसलेल्या तुळसाबाईंनी वळून पाहिलं. मग त्यांना राहवेना. पदर खोचून त्या तरातरा खाली उतरल्या.

"काहून मारून राह्यले त्याले? जनमभर शेती केली तुमी, निंबाखाली कधी कापूस पेरला होता काय? उन्हात लावा ना त्यायले!"

जानरावांनी माझ्या डोक्यावरचा हात काढला. मग हळूच म्हणाले, "तू खाली आली."

तुळसाबाईंनी आजूबाजूला पाहिलं. चांगलंच अंधारून आलं होतं. आता या घाबरणार, असं मला वाटलं. त्या हसतच सुटल्या.

सकाळी त्यांनी स्वतः आम्हाला उपटून वाटेच्या कडेनं, भर उन्हात रोवलं. त्या संध्याकाळी आम्ही सगळे एकदम पेटलो! तुळसाबाई मोगऱ्याच्या कळ्या खुडत होत्या आणि जानराव टोपली धरून मागं मागं.

आज मला इथं चौथं वर्ष. बॅटरी थकली, पूर्वीसारखा दम राहिला नाही. तुम्हाला सांगणं एवढंच, की आमच्यासारख्यांच्या डोक्यावरची धूळ अधूनमधून पुसत जा आणि ओले टॉवेल आमच्यावर वाळत घालू नका. जानराव घालतात!

परवा तेच म्हणाले, "हा लवकर विझून राह्यला. नवा आणू काय?"

तुळसाबाई म्हणाल्या, "राहू द्या. माह्या कळ्या तोडून होईस्तोवर जळते तो. मंग त्याले बी झोपू द्या."