तीन वाजताची पंगत

अमेरिकेत, नोव्हायला मुलाकडे येऊन पाच महिने झाले, तरी त्र्यंबकरावांना फ्रिजवरच्या त्या कागदाचं कोडं उलगडलं नव्हतं. शाळेतून आल्यावर मुलांनी काय खावं, याचं पत्रक नातीच्या शाळेनं पाठवलं होतं आणि सुनेनं, अहिल्येनं, त्यावरून वारांप्रमाणे यादी करून लावली होती. सोमवारी गाजरं, मंगळवारी सफरचंद, बुधवारी दही, गुरुवारी चीजची कांडी, शुक्रवारी ग्रॅनोला बार. मुलगा विनय आणि अहिल्या दोघंही साडेपाचपर्यंत ऑफिसात. त्यामुळे तीन वाजता बसमधून उतरणाऱ्या पंधरा वर्षांच्या आन्याला हे खाऊ घालायचं काम आजोबांकडे आलं होतं.

काम एवढंसं, पण डोकं चक्रावून टाकणारं. गाजरं सगळी करंगळीएवढी, एका मापाची. शेतात उगवतात की सुतार तासून देतो, देव जाणे. दही गोड, वर गुलाबी. ग्रॅनोला बारचं वेष्टन चष्मा लावून वाचलं, तर साखर, मध आणि पुन्हा कसला तरी पाक. आणि मुलीनं नागपूरहून कुणाबरोबर तरी पाठवलेले बेसनाचे लाडू मात्र सुनेनं “नको हो बाबा, फार शुगर असते” म्हणून वरच्या कपाटात ठेवलेले! लाडवाला वेष्टन नव्हतं आणि त्यावर आकडे छापलेले नव्हते, एवढाच त्या बिचाऱ्याचा गुन्हा.

तेही चाललं असतं. पण आन्या यायची, पाठीवरची बॅगसुद्धा न उतरवता उभ्याउभ्या चार गाजरं तोंडात टाकायची, “थँक्स, आजोबा” म्हणायची आणि जिना चढून खोलीत गडप व्हायची. घरात दोघंच, तरी अडीच तास बोलणं नाही. परतीच्या तिकिटाला एकोणीस दिवस उरले होते आणि नातीशी धड दहा मिनिटं बसणं झालेलं नव्हतं. हे त्यांना फार लागत होतं.

आपलं चुकतंय कुठे, हेच कळेना. वाढण्यात तर त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. नात्यागोत्यातल्या प्रत्येक लग्नात पंगतीला वाढायला त्र्यंबकराव कंबर कसून पुढे. वाढणाऱ्यानं बसायचं नाही, पाहुण्याच्या पानावरून नजर हलवायची नाही, काय संपलं ते मागण्याआधी ओळखायचं आणि सगळ्यांचं झाल्यावर आपण जेवायचं. इथेही ते तसंच करत होते.

शेवटी त्यांना वाटलं, दोष यादीचाच. तिच्यातला एकूणएक पदार्थ चालता चालता खाता येतो! मग त्यांनी मटकी भिजवली. बाहेर बर्फ, मोड कसले येतात? फडक्यात बांधून पुरचुंडी जमिनीतल्या हीटिंगच्या जाळीजवळ ठेवली आणि दोन दिवस तिच्यावर पाणी शिंपडत बसले. गुरुवारी चांगले बोटभर मोड आले. यादीत उसळ नव्हती, पण मनाई तरी कुठे होती?

तीन वाजता आन्यानं वाफाळती वाटी पाहिली, मग यादी पाहिली.

“इट्स थर्सडे. चीज स्टिक नाही?”

“आज उसळ. लिंबू पिळलंय, खाऊन तर बघ.”

तिनं वाटी उचलली, चमचा खोचला आणि जिन्याकडे निघाली. दोन दिवसांची मेहनत जिना चढायला लागली.

“अगं, बसून खा ना!” त्यांचा आवाज नको तेवढा चढला.

आन्या वळली. “आजोबा, आर यू मॅड अॅट मी?”

“मी? मी कशाला रागावू?”

“मग तुम्ही रोज असे का उभे राहता? फ्रिजजवळ, हात मागे. माझ्या प्लेटकडे बघत. लाइक, चेक करताय. मॉमला रिपोर्ट करायला. इट्स सो वीअर्ड.”

त्र्यंबकराव गोंधळले. “अगं, वाढणाऱ्यानं बसायचं नसतं. पानात काय हवं-नको ते बघायचं असतं.”

“बट आय अ‍ॅम वन पर्सन! मग तुम्ही कधी खाता?”

“तुझं झाल्यावर.”

“पण मी तर वर जाते.”

“मग राहतं.”

आन्या वाटी घेऊन वर गेली, पण सावकाश गेली. ज्या रीतीचा आयुष्यभर अभिमान बाळगला, तिनंच पोरीला जिना चढायला लावलं, या विचारानं त्र्यंबकरावांना संध्याकाळी चहासुद्धा गोड लागला नाही.

शुक्रवारी त्यांनी उरलेली उसळ गरम केली, टेबलावर पातेलं आणि दोन रिकाम्या वाट्या मांडल्या आणि पावणेतीनला स्वतः खुर्चीत बसले. पाहुणा यायच्या आत बसलेला वाढपी! चोरी केल्यासारखं वाटत होतं. दार वाजलं, तेव्हा उठू नये म्हणून त्यांनी खुर्चीची कड घट्ट धरली.

आन्यानं त्यांना पाहिलं. पाठीवरची बॅग उतरवून जमिनीवर टाकली, हात धुतले आणि पळीनं त्यांच्या वाटीत काठोकाठ उसळ वाढली. मग फ्रिजजवळ जाऊन, हात मागे बांधून, त्यांच्या वाटीकडे बघत उभी राहिली.

“बस की आता,” ते म्हणाले.

“तुमचं झाल्यावर.”

हसावं की रडावं, त्र्यंबकरावांना कळेना. त्यांनी शेजारची खुर्ची मागे ओढली आणि लगबगीनं पहिला घास घेतला.