खालच्या भिंगाची भीती

सकाळी दुकानाचे दार उघडले की मास्तर मला सदऱ्याच्या टोकाने पुसत, नाकावर चढवत आणि मगच कापडावर खडूची पहिली रेघ ओढत. मित्रांनो, मी एका शिंप्याचा जुना, दुहेरी भिंगांचा चष्मा आहे. वरच्या भिंगातून त्यांना गिऱ्हाईक दिसे, खालच्या भिंगातून सुईचे नेढे. "मास्तरांची नजर म्हणजे टेपच!" असे कोणी म्हटले, की मीही मनातून फुशारत असे.

पुढे ती नजर माझ्या खालच्या भिंगापर्यंत उतरेनाशी झाली. कॉलरी वाकड्या कापल्या जाऊ लागल्या. दुकानावरच्या घराकडे जाणाऱ्या जिन्यावर तर मास्तर उभ्या उभ्या मागच्या मागे कोसळत. मी नाकावरून उडे आणि ते उठतील ना, या धास्तीने पडल्या जागी गोठून जाई. घरच्यांनी दोष मलाच दिला. माझी भिंगे दोनदा बदलली.

"बाबा, खाली बघून चाला की हो!" मुलगी कळवळून ओरडे.

"खाली काय, खजिना पुरलाय?" मास्तर म्हणत. शब्द थट्टेचे असत, चेहरा मात्र हलत नसे.

आधी कंपवात समजून त्याच्या गोळ्या झाल्या. गुण आला नाही. अखेर मेंदूविकाराच्या डॉक्टरीणबाईंनी मला काढून टेबलावर ठेवले. त्यांनी आपले बोट मास्तरांसमोर वरून खाली नेले. बुबुळे जागची हलली नाहीत. मग समोर बघायला सांगून त्यांनी मास्तरांची मान हलकेच मागे झुकवली, तेव्हा मात्र तीच बुबुळे खाली सरकली.

"चष्म्याचा दोष नाही," बाई म्हणाल्या. "हा कंपवातासारखा दिसणारा, पण वेगळा आजार आहे. खाली बघायचा मेंदूचा हुकूम डोळ्यांपर्यंत पोहोचत नाही. मुळापासून बरं करणारं औषध नाही. पण पडणं टाळता येईल, तोल सांभाळायचे आणि नीट गिळायचे व्यायाम शिकता येतील. जिना मात्र बंद. हा दुहेरी चष्माही; जवळचं बघायला एकेरी भिंगांचा घ्या."

"मग कापड बघू कसं?"

"कापडच वर आणू, बाबा," मुलगी म्हणाली.

घरी येताच तिने दुकानाच्या भिंतीवर, मास्तरांच्या डोळ्यांच्या रेषेत, कापड लावायला फळी ठोकली. तिच्या आईने दुकानामागच्या खोलीत मास्तरांचे अंथरूण घातले. तरीही मास्तरांनी सवयीने जिन्यावर पाय ठेवला. मी जीव मुठीत धरला.

मित्रांनो, वरचेवर पडणाऱ्या माणसाला वेंधळा म्हणू नका. त्याला वेळेवर डॉक्टरांकडे न्या. त्याची भीती मी नाकावर बसून पाहिली आहे.

मास्तर थांबले. कठडा घट्ट धरून त्यांनी पाय मागे घेतला, मला डोळ्यांवरून उतरवले आणि डबीत ठेवून झाकण लावले. थोड्या वेळाने बाहेर, भिंतीवरच्या कापडावर, खडू सरकल्याचा आवाज आला.