साडेपाचला तात्या

डिशची छत्री चालू असते तोवर तिच्याकडं कुणी ढुंकून बघत नाही, आणि बंद पडायला तिला नेमका नको तो दिवस बरा सापडतो. कळंबच्या वस्तीवर प्रयागबाईच्या स्लॅबवरची छत्री चार दिवस मुकी होती, पण म्हातारीनं कुणाला कळवलं म्हणून नाही. एकटीला टीव्ही घेऊन काय करायचंय! मग आज दुपारी इंदापूरहून दत्तोबांचा फोन आला आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं.

दत्तोबा म्हणजे तिच्या नवऱ्याचे, सावळारामांचे जुने दोस्त. ते म्हणाले, "वहिनी, आज साडेपाचला शेतीच्या कार्यक्रमात आपला सावळा दावणार हायती. त्ये डाळिंबाचं, सहा वर्सांमागचं परत लावत्यात. खाली पट्टी फिरतीय बघा."

सावळारामांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. भिंतीवर हार घातलेला एक फोटो, आणि पोराच्या, दीपकच्या लग्नाच्या शूटिंगमध्ये अर्धा मिनिट, तेही बॅण्डच्या गोंगाटात. त्यांचा आवाज म्हणून कुठंच शिल्लक नव्हता.

आईचा फोन येताच दीपक बारामती एमआयडीसीतल्या कंपनीतून सुपरवायझरच्या हातापाया पडून लवकर सुटला आणि गाडी दामटत पावणेचारला वस्तीवर येऊन थडकला. मोबाईल टीव्हीसमोर डब्याला टेकवून ठेवायचा आणि सगळं रेकॉर्ड करायचं, असं त्यानं वाटेतच ठरवलं होतं. बायको ड्युटीवर, बारामतीच्या खोलीत टीव्ही नाही, म्हणजे जे काय करायचं ते इथंच. शिवाय त्याचं स्वतःचं एक दुखणं होतं, ते त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. सहा वर्षांमागं हा कार्यक्रम पहिल्यांदा लागला तेव्हा त्यानं तो बघितला नव्हता. शेती सोडून कंपनीत गेला म्हणून बापलेकांत तेव्हा विस्तव जात नव्हता. आईनं फोन करून सांगितलं तर हा म्हणाला, "शिफ्टला हाय." शिफ्ट कसली डोंबलाची, सुट्टी होती! समोरच्या हॉटेलात टीव्ही चालू होता आणि हा मुडदा खोलीवर पालथा पडून होता.

आता त्याच टीव्हीसाठी जीव टांगणीला लागला होता. पडद्यावर नुसतं 'सिग्नल नाही'. रिचार्ज संपला असेल म्हणून त्यानं आधी ते तपासलं, रिचार्ज होता. मग मेनूत जाऊन सिग्नलच्या दोन पट्ट्या पडद्यावर लावल्या आणि आईला समोर बसवलं.

"आये, खालची पट्टी हिरवी झाली की चित्र येतं. मी वरनं विचारीन, तू नुसता रंग सांग."

"आन् न्हाय झाली तर?"

"व्हईल गं!" तो खेकसला आणि शिडी चढला.

केबलची पिन गंजून गेली होती. तेवढं टोक छाटून त्यानं नवी बसवली. "काय झालं?" "वरची हिरवी! खालची तांबडी!" छत्रीच्या पुढं दांडीवर ती डबी असते ना, एलएनबी म्हणतात ती, तिच्या तोंडावर कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलं होतं. त्यानं ते पान्याच्या टोकानं खरवडलं, फडक्यानं पुसलं. "आता?" "तांबडीच रं!" त्यानं डिशवाल्यांच्या नंबरला फोन लावला, तर माणूस उद्या सकाळी येईल म्हणे. उद्या येऊन काय वरातीमागून घोडं नाचवायचंय?

पावणेपाच झाले. दीपकचे हात घामानं निसटायला लागले. आणि मग त्याला दिसली ती दोरी. एक टोक पाण्याच्या टाकीला, दुसरं छत्रीच्या पाइपाला.

"आये, हितं दोरी कुणी बांधली?"

म्हातारी अंगणात आली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

"घटाचं धुणं काढलं हुतं रं मी. समद्या गोधड्या एकदम धुतल्या. बांधायला दुसरं काय गावंना."

नवरात्र बसायच्या आधी घरातलं पांघरूण न् पांघरूण धुवायची रीत, ती काही चुकत नाही. पण सात ओल्या गोधड्यांचं वजन म्हणजे चेष्टा नव्हे. पाइप जागचा फिरला होता आणि छत्री मान टाकून भलतीकडंच बघत होती. दीपकच्या तोंडावर चांगली कडक शिवी आली होती, पण आईचं तोंड बघून त्यानं ती गिळली.

"मीच माझ्या हातानं घालवलं समदं," ती म्हणाली.

"अजून टाइम हाय. तू आत जा, रंग बघ."

त्यानं दोरी तोडली, पाइप सरळ केला आणि छत्री तीळतीळ सरकवायला लागला. थोडी वर. "तांबडी!" थोडी उगवतीला. "तांबडी!" परत वर. पाच वीसला खालून किंकाळीच आली, "हिरवी! हिरवी झाली रं!" दीपकनं पाना लावून नट आवळायला घेतला, तर नट नुसताच गरागरा फिरला. आटे गेलेले. हात सोडला की छत्री खाली घसरायची. त्यानं तारेनं करकचून बांधली, घसरली. विटा लावल्या, घसरली. पाच सव्वीस.

"आये, चल मानसिंगच्या वस्तीवर, गाडीवर बस!"

"त्येच्या घरी? बांधावरनं तीन वर्सं बोलणं न्हाय, आन् त्येच्या ओसरीवर बसून मी माझा नवरा बघू व्हय? मरंन पर जायची न्हाय!"

मग राहिलं काय? दीपकनं गुडघा पाइपाला टेकवला आणि दोन्ही हातांनी छत्री धरली. "आली! आता हलू नगंस!" कार्यक्रमाची सनई वाजायला लागली आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं की मोबाईल आपल्याच खिशात आहे. आईला तो चालवता येत नव्हता, आणि द्यायला हात मोकळा नव्हता. याही खेपेला त्याला दिसणार नव्हतं. त्याला स्वतःचा भयंकर राग आला.

म्हातारीला कमी ऐकू येतं म्हणून आवाज पार वर केलेला. एक बाई काहीतरी गोड बोलली, आणि मग खाकरून कुणीतरी म्हणालं, "रामराम."

तात्या. बापाचं तेच खाकरणं. खालून प्रयागबाईचा "अगं माझे आई" एवढाच आवाज आला. तात्या खड्डे किती बाय कितीचे घेतले ते सांगत होते, पाणी कधी तोडायचं ते सांगत होते. दंडाला कळा लागल्या तरी दीपक श्वास रोखून ऐकत राहिला. चार मिनिटं झाली, पाच झाली.

बाईनं विचारलं, "काका, तुमच्यानंतर ही बाग कोण बघणार?"

"म्होरं कशाला? आत्ता बी पोरगाच बघतूय की," तात्या म्हणाले. "फवारणी, छाटणी, समदं त्येच्या डोक्यानं चालतं. मी आपला बांधावर हुबा ऱ्हातो."

"अरे वा! मग आज दिसत नाहीत ते?"

"बारामतीला गेलाय, औषध आणायला. यील सांजच्याला."

त्या साली दीपक पाच महिने वस्तीकडं फिरकला नव्हता. बागेत त्यानं एक काडी तोडली नव्हती. तात्या उभ्या जन्मात खोटं बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं, आणि बोलले ते सगळ्या महाराष्ट्रासमोर, पोराची लाज झाकायला. दीपकला हुंदका आवरला नाही. खांदे गदगदले आणि हात हलले.

"गेलं! दीपक, गेलं रं!"

त्यानं वेड्यासारखी छत्री वर घेतली, खाली घेतली, डावीकडं, उजवीकडं. "न्हाय... न्हाय... आलं!" आलं तेव्हा भलताच कुणी माणूस कांद्याच्या चाळीविषयी बोलत होता.

तो खाली उतरला तेव्हा प्रयागबाई उंबऱ्यात बसली होती. टीव्ही तिनं बंद केला होता.

"हात हलला व्हय?"

"व्हय."

"असू दे. धा वर्सांनी गावल्यागत वाटलं बघ तेवढ्यात."

तिनं त्याला तांब्या दिला. तो पाणी प्यायला नाही, नुसता हातात धरून उभा राहिला.

"आये, माझं इचारलं तवा तात्यांचं तोंड कसं हुतं?"

"नीट कुठं दिसलं? ती बाई बोलतीय आन् ह्यांचं तिच्याकडं ध्यानच न्हाय," प्रयागबाई म्हणाली. "सारखं रस्त्याकडं बघत हुते."