रेशमाला ब्रश

लॉन्ड्रीवाल्या बाईंपुढे कुठलाच डाग टिकायचा नाही. लेकीच्या तोंडावरच्या मुरुमांनी मात्र त्यांचं डोकं फिरवलं होतं. "नुसता मळ आहे!" म्हणत त्या रोज सकाळी तिचा चेहरा साबणाने खसाखसा घासायच्या. डॉक्टरीणबाईंनी कालच बजावलं होतं, "हा मळ नाही. या वयात त्वचेतलं तेल वाढतं, छिद्रं बुजतात. घासाल तर चिघळेल. सौम्य फेसवॉशने हलक्या हाताने धुवा, बास." बाईंनी ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं.

आजही त्या घासणी घेऊन दुकानातल्या बेसिनपाशी उभ्या राहिल्या. "ये इकडे, मुकाट्याने."

लेक आली नाही. तिने गिऱ्हाइकाचा रेशमी सदरा टेबलावर पसरला आणि धुलाईचा राठ ब्रश उचलला.

"ए! रेशमाला ब्रश लावतात का? चिंध्या करशील!" बाई किंचाळल्या.

"डाग आहे ना, आई?" लेकीने ब्रश सदऱ्यावर रोखला. "मग घासायला नको?"

बाईंनी झडप घालून ब्रश हिसकावला आणि सदरा उजेडात धरून निरखला. त्यावर साधा ओरखडाही नव्हता. सदऱ्याआड उभ्या लेकीचे गाल मात्र सोलवटले होते.