व्हर्नाला कोणी 'हन' म्हणेना

माझ्या नवऱ्याचं बाहेर काहीतरी चाललंय हे मला कशावरून कळलं, सांगू? कॉलरवर लिपस्टिक नाही, अंगाला परका वास नाही. तो एका बाईला तिच्या नावाने हाक मारायला लागला, त्यावरून.

हसू नका. आमच्या पूर्व बाल्टिमोरमधल्या कुठल्याही बाईला विचारा. इथे नाव लागतं ते बाप्तिस्म्याला आणि थडग्यावर. मधली सगळी वर्षं माणूस नुसता 'हन' असतो. 'हनी'चं शेपूट छाटून उरलेला एवढासा शब्द, पण त्याच्यावर आमचं सगळं चालतं. "काय देऊ, हन?" म्हणजे या, बसा. "ते स्टूल लागतंय रे, हन" म्हणजे एका कॉफीवर तासभर बसलायस, ऊठ आता. "अगं हऽऽन" असं लांबवलं की समोरचीचं कोणीतरी गेलंय, नाहीतर पार्लरवालीने तिचे केस तरी जाळलेत. आणि दात दाबून नुसतं "नाही, हन" म्हटलं की गोदीतल्या धटिंगणांनीसुद्धा टोपी उचलून दार धरावं. माझा मिल्टन ट्रॅफिक पोलिसाला हन म्हणतो, चर्चमधल्या नन्सना म्हणतो. एकदा नगरपालिकेचा माणूस चुलीखालची घाण तपासायला आला, त्यालाही म्हणाला. तो तोंड वाकडं करून आला होता, जाताना "येतो, हन" म्हणून गेला.

मलाही तो हनच म्हणायचा. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. त्या सगळ्या हनांमधला माझा कुठला, हे मला पाठमोरी असतानाही ओळखू यायचं.

ईस्टर्न अव्हेन्यूवर आमचं खाण्याचं दुकान आहे. काउंटर, त्यापुढे स्टुलं, बस्स. मिल्टन काउंटरमागे, मी गल्ल्यावर आणि आत तळणीवर थेल्मा. थेल्माच्या हातच्या कॉडी, म्हणजे मासा-बटाट्याच्या टिक्क्या, खारी बिस्किटं आणि मोहरी लावून खायला लोक पोलाद कारखान्याची पाळी संपवून थेट येतात. त्या वसंतात मात्र मी दुकानात नव्हते. डेलावेअरला माझी बहीण जिन्यावरून पडली, तिचं हाड सांधेपर्यंत मी तिच्याकडे होते.

परत आले त्याच दिवशी पाहिलं. मिल्टन नेहमीसारखा सुरू होता. "पाय कसा आहे, हन?" "मोहरी जास्त ना, हन?" "हन, तुझी छत्री कालपासून इथंच आहे." आणि मग दारातून व्हर्ना नोवाक आली. आमच्याच गल्लीत राहणारी, एल्वुड नोवाकची बायको. बायको कसली, विधवा. एल्वुड मी नसताना गेला, हृदय बंद पडून. मी तिकडून कार्ड पाठवलं होतं. त्याआधी आमची ओळख म्हणजे पायऱ्या घासताना मान हलवण्याएवढी.

मिल्टनने फडका खाली ठेवला. हात पुसले. आवाज उतरवला.

"व्हर्ना," तो म्हणाला, "कॉफी देऊ?"

माझा हात गल्ल्यातच राहिला. व्हर्ना! नगरपालिकेच्या माणसाला हन आणि हिला व्हर्ना!

मग मी डोळ्यांत तेल घालून पाहायला लागले. ती रोज यायची. हातमोजे काढून मांडीवर ठेवायची, अर्धी कॉडी खायची, अर्धी तशीच टाकायची. रूप म्हणाल तर काही नाही हो. नाक हे एवढं. रूप असतं तर एक वेळ मी समजून घेतलं असतं! आणि मिल्टन रोज तेच. "व्हर्ना, आज गार आहे बाहेर." "व्हर्ना, आणखी थोडी?" चांगल्या बश्या कशा आपण कपाटात वेगळ्या काढून ठेवतो, तसं ते नाव त्याने जिभेवर वेगळं काढून ठेवलेलं. माझं नाव लिओना. शेवटचं त्याच्या तोंडून कधी ऐकलं? लग्नात, पाद्र्याने म्हणायला लावलं तेव्हा. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

बरं, एकटा मिल्टन असता तर. शनिवारी आम्ही सगळ्या घरापुढच्या संगमरवरी पायऱ्या घासायला बसतो. व्हर्ना बादली घेऊन आली, तर थेल्मा चटकन म्हणते कशी, "व्हर्ना, माझा दगड घे, तुझा झिजलाय." थेल्मा! जी कुत्र्यालाही हन म्हणते! आणि पलीकडच्या दोघी बोलत होत्या त्या गप्प झाल्या, व्हर्नाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी समजले. सगळ्या गल्लीला माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त मला. मी पायरी अशी घासली की तिचं पाणी व्हर्नाच्या पायरीपर्यंत गेलं.

त्या संध्याकाळी जेवताना मी विषय काढला.

"व्हर्ना बरी आहे ना रे?"

"आहे. बिचारी."

"बिचारी कशाने? अर्धी कॉडी टाकून उठते, म्हणजे पोट कुठेतरी भरत असणार."

मिल्टनने काटा खाली ठेवला. "हन, तुला झालंय काय?"

"मला हन म्हणू नकोस."

त्याचा चेहरा पडला. "तूही?" एवढंच म्हणाला, आणि बशी उचलून सिंककडे गेला.

तूही! म्हणजे आणखी कोणीतरी त्याला हेच म्हणालं होतं. कोण, ते विचारायला नको. ती म्हणाली असणार, 'सगळ्यांना म्हणतोस ते मला नको म्हणू, मला माझ्या नावाने हाक मार.' मला तेव्हाच विचारायचं होतं. जिभेवर आलं होतं. पण उत्तर 'हो' आलं तर? दुकान दोघांचं, घर दोघांचं, सकाळी कॉफीचं भांडं चढवायचं तेही दोघांनी. तो गेला तर मी कुणाची कोण? म्हणून मी नुसती भांडी आपटली.

आणि त्या माणसाने काय करावं? त्याने माझं ऐकलं! दुसऱ्या दिवसापासून मला हन म्हणणं बंद. नावही नाही. नुसतं "अगं, सुट्टे दे." "अगं, दूध संपलंय." माझ्या गल्ल्यासमोर उभं राहून टपालवाल्याला हन, शाळेतल्या पोरींना हन, दारुड्या स्टॅनलीला हन, आणि माझ्याकडे वळला की 'अगं'. गिऱ्हाइकांतला एखादा मला हन म्हणाला की माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. मी म्हणायचे, कांदे. गल्ल्यावर कुठले आलेत कांदे!

ऑगस्टमध्ये चर्चच्या हॉलमध्ये खेकड्यांचं जेवण असतं. लांब टेबलांवर तपकिरी कागद, त्यावर मसाला थापून वाफवलेल्या लालभडक खेकड्यांचे ढीग, प्रत्येकाच्या हातात लाकडी हातोडी. तासन् तास ठोकायचं, सोलायचं, बोलायचं. आमच्यात एक रीत आहे, कोणी शिकवत नाही, सगळे पाळतात. खेकड्याच्या मागच्या पायाच्या मुळाशी गराचा एक मोठा पांढरा गोळा निघतो. पहिला निघालेला गोळा स्वतः खायचा नाही. आपल्या माणसाला द्यायचा. मिल्टनने लग्नाआधी मला मागणी घातली ती तशीच. तोंडाने काही बोलला नाही, गोळा पुढे केला.

त्या दिवशी मी एका बाजूला, समोर मिल्टन आणि त्याच्या शेजारी, दुसरीकडे जागा नव्हती म्हणून म्हणे, व्हर्ना. ती खेकडा हातात धरून नुसती बसली होती. मिल्टनने आपला फोडला. गोळा अख्खा निघाला. मी, मूर्ख बाई, हातातली हातोडी खाली ठेवली.

"व्हर्ना," तो म्हणाला, "हे घे. खा थोडं."

तळपायाची आग मस्तकात गेली. मी उभी राहिले.

"कसं लागतंय, हन?" मी म्हटलं. अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं. "माझ्या नवऱ्याच्या हातचं गोड लागतंय ना, हन? आणखी सोलून द्यायला सांगू का त्याला, हन?"

गोदीतल्या धटिंगणांना दार धरायला लावणारा होता तो हन. एक एक करून सगळ्या हातोड्या थांबल्या.

"लिओना!" थेल्मा पलीकडून ओरडली. "गप्प बस! तुला माहीत नाही का?"

"मला सगळं माहीत आहे!"

"डोंबल माहीत आहे तुला! एल्वुडच्या शवपेटीजवळ मिल्टन तिला म्हणाला, 'फार वाईट झालं, हन.' तशी ती किंचाळली. म्हणाली, तो मला असं म्हणायचा, आता कोणी म्हणायचं नाही, पुन्हा कधी कोणी मला असं म्हणायचं नाही. आम्ही सगळ्यांनी तिथंच ठरवलं. नावच घ्यायचं. तू तेव्हा डेलावेअरला होतीस."

मी मिल्टनकडे पाहिलं.

"मला वाटलं, थेल्माने तुला सांगितलं असेल," तो म्हणाला.

"आणि मला वाटलं, नवऱ्याने सांगितलं असेल," थेल्मा म्हणाली.

आता मी कुठे पाहणार? समोर व्हर्नाच. तिच्या बोटांना मसाला होता, त्याच बोटांनी तिने डोळे पुसले. मला वाटलं, आता ही पुन्हा किंचाळणार, आणि तिने ते करावं हा तिचा हक्क आहे.

"परत म्हण," ती म्हणाली.

"काय?"

"आत्ता म्हणालीस ते."

तिने हातातला खेकडा कागदावर ठेवला.

"त्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं," व्हर्ना म्हणाली. "एक वाक्य बोलले मी. आणि तुम्ही सगळ्यांनी मला गल्लीतूनच काढलंत. व्हर्ना, व्हर्ना, व्हर्ना. दवाखान्यात नंबर आल्यासारखं. एल्वुड गेला तो गेलाच. पण पाववालासुद्धा मला नावाने हाक मारतो. मी रोज दुकानात येऊन बसते, मिल्टन सगळ्यांना म्हणतो ते ऐकते, आणि माझ्यापाशी आला की थांबतो. मी सांगणार कशी? आता म्हणा म्हणून हात पसरायचा?" तिने नाक ओढलं. "तू शिवी म्हणून दिलीस, कळलं मला. चालेल. परत दे."

शरमेने मान खाली घालायला हवी होती ना? नाही गेली. खरं सांगते, मला तिचा हेवा वाटला. उन्हाळाभर मलाही तेच हवं होतं, आणि ते मागायची हिंमत भरल्या हॉलमध्ये तिला झाली, मला माझ्या स्वयंपाकघरात झाली नाही.

"खा आता, हन," मी म्हटलं. "गार होतंय."

तिने गोळा तोंडात घातला आणि रडत रडत खाल्ला. हातोड्या पुन्हा सुरू झाल्या. मी मिल्टनकडे वळले.

"आणि तू रे? मला का सोडलंस म्हणायचं?"

"तूच म्हणालीस, म्हणू नकोस."

"इतक्या वर्षांत माझं एकदा ऐकलंस, ते हेच सापडलं तुला?"

त्याने दुसरा खेकडा ओढला, फोडला, गोळा काढला. तुटका निघाला. तो त्याने तसाच माझ्यापुढे केला.

"घे, हन," म्हणाला.

आता व्हर्ना अख्खी कॉडी खाते आणि वर सूपही मागते. थेल्मा तिला हन म्हणते, पाववाला म्हणतो, सगळी गल्ली म्हणते. मिल्टनही म्हणतो. "काय देऊ, हन?" मी गल्ल्यावर असते. त्याचा तो हन टपालवाल्याला म्हणतो तसाच असतो, त्यात जास्त काही नसतं, मी नीट ऐकलंय. तरी ती दारातून आत आली की माझा हात सुट्ट्या नाण्यांवर थांबतो, आणि मी परत एकदा ऐकते.