दहाचं पाणी

फाल्गुनातली पेज नदी पाहून परक्या माणसाला कोडे पडावे. डोंगरावरचे गवत वाळून पिवळे झालेले, ओढे आटलेले, आणि ही मात्र वाहते आहे. कशेळ्याच्या माणसांना त्याचे नवल नाही; वरच्या वीजघरातून सुटलेले पाणी तिच्यात येते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. सहदेवलाही ते ठाऊक होते. त्याचे कोडे वेगळे होते, आणि ते त्याच्या बापाने मागे ठेवले होते.

गोमा दोन वर्षांपूर्वी गेला. हयातभर तो सांगत राहिला, की उंबराखालच्या डोहात हातभर लांबीची खडस आहे आणि सकाळी दहाला ती वर येऊन जेवते. खडस म्हणजे मोठ्या खवल्यांचा, दांडगा मासा. या भागातून तो केव्हाच संपला, असे सगळे धरून चालत. गोमाचा धाकटा भाऊ काळूराम जाळ्यावर वाढलेला माणूस. त्यानेच एकदा एस.टी.च्या थांब्यावर म्हटले, "आमच्या दादाची मासळी घड्याळ बघून जेवते." ते गावभर झाले. गोमाला 'थापाड्या' हे नाव चिकटले ते कायमचे. त्याच्या दहाव्यालाही मागे बसलेल्या कुणीतरी ते पुटपुटले. सहदेवने ऐकले, आणि शेजारी बसलेल्या आईने, येसूबाईनेही.

बाप खरे बोलत होता की नाही, एवढेच सहदेवला जाणून घ्यायचे होते. मेडिकलच्या दुकानातला तो मुखदुर्बळ मुलगा. विचारणार तरी कुणाला? नेरळच्या एका पाहुण्याकडून त्याने गळाची जुनी, बारीक, लवचिक काठी विकत घेतली. मोबाईलवर बघून कोंबड्याच्या मानेची पिसे गळाला गुंडाळून माशा बांधायला शिकला. पाण्यावर ती पिसांची माशी अलगद टेकवायची आणि मासा फसतो का ते पाहायचे, असा तो खेळ. मासे पहाटे वर येतात, असे त्या व्हिडिओत सांगितले होते. म्हणून दिवाळीपासून दर रविवारी, सुटीच्या दिवशी, तो उजाडताना डोहावर जाई आणि दहा वाजून गेले, ऊन चढले की परते. बोटभर मळ्या माशांपलीकडे काही लागले नव्हते.

त्या मंगळवारी मालकाच्या घरी साखरपुडा होता, दुकान बंद. सहदेव डोहावर पोहोचला तेव्हा साडेनऊ झाले होते. काठावर काळूकाका म्हशी सोडून बसला होता.

"आज रईवार नाय, तरी आलास?"

"दुकान बंद हाय, काका."

"आन् कोंबड्याचं पीस न्हाऊ घालतूस?"

"मासे माशी खातात, काका."

"खात्यात की. तुजी नाय खात."

सहदेवने दोरी मागे झटकली, पुढे सोडली. माशी पाण्यावर टेकली, तरंगत गेली. काही नाही. पुन्हा टाकली. मग त्याच्या पायाशी काहीतरी बदलले. मघाचे कोरडे दगड एकेक करून काळे होत होते.

"पाणी सुटलं," काका म्हणाला.

"रोज याच वेळेला?"

"रोज दहाच्या सुमाराला. रईवारी नाय. ममईचे कारखाने बंद, मग इज कुनाला लागते?"

सहदेव उभाच राहिला. चार महिन्यांचे रविवार त्याच्या डोळ्यांपुढून गेले.

पाणी उंबराच्या मुळांपर्यंत चढले. पाखरांनी पाडलेली लालसर उंबरे खाली खडीवर पडून होती. पाण्याने ती उचलली, एक गिरकी दिली आणि ओळीने डोहात नेली. पहिले उंबर मध्यावर गेले आणि नाहीसे झाले. दुसरे नाहीसे होताना सहदेवला दिसले: रुपयाएवढे खवले, सोनेरी पाठ, आणि सावकाश मिटणारे जाड ओठ.

त्याने माशी नेमकी तिच्या पुढ्यात टाकली. मासा वर आला, त्याने माशीला नाकाने ढोसून बाजूला सारले आणि पलीकडचे उंबर गिळले. सहदेवने दोरी गुंडाळून घेतली. तिला धरायला तो आलाच नव्हता, हे त्याला आताच उमगत होते.

उंबरे एकेक करून संपली. काकाची एक म्हैस शेतात शिरली तरी तो उठला नाही.

"बाबा कशानं धरायचे तिला?" सहदेवने विचारले.

"धरायचा नाय. हितं बसायचा निस्ता." काकाने टॉवेल खांद्यावरून मांडीवर घेतला. "मला बोलवलं व्हतं, दोन येळा. चल, दावतो म्हनला. मी म्हनलं, काम हाय."

"मग आता सांगणार गावात?"

"सांगितलं तर उद्या जाळी पडतील. परवा डोहात सुरुंगाचा बार उडल." काकाने टॉवेलने तोंड पुसले. "पन सांगाय तर पायजे."

बापाचे नाव आणि हा मासा, दोन्ही एकदम वाचणार नव्हते.

"वयनीला चालवंल का हितवर?" काकाने विचारले.

"गुडघे दुखतात तिचे. हळूहळू येईल."

"उद्या आन, दुकानात उशिरा जा. नवाला निघा. एकटीला दाव, गावाला नको." तो उठला, म्हशीच्या दिशेने दोन पावले गेला आणि पाठमोराच थांबला. "मी पन येतो. तिच्यापुढं सांगायचं हाय मला."